चावी काढा, बोभाटा नको

यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि आषाढ लांबला. दिव्यांची अमावस्या, म्हणजेच गटारी, थेट १२ ऑगस्टला, तीही बुधवारी. बुधवारी गटारी करायची म्हणजे गुरुवारी सकाळी डोके धरून कचेरी गाठायची. तेव्हा व्यवहारी मंडळी ती आदल्या शनिवार-रविवारवर ओढून घेणार हे उघड आहे. पुढचा शनिवार १५ ऑगस्टचा, म्हणजे ड्राय डे. त्यामुळे जे व्हायचे ते ८ आणि ९ तारखेला, असा हिशेब मुळशी-ताम्हिणीपासून इगतपुरी-जव्हारपर्यंतचे तंबूवाले मांडून बसलेले असतात. फोर-बाय-फोर गाड्यांच्या हौशी क्लबांची निमंत्रणेही याच सुमारास फिरतात : मान्सून ट्रेल, मुक्काम, शेकोटी, बार्बेक्यू. पाचवी गोष्ट छापत नाहीत. ती गृहीत असते.

डोंगरात जीप घालण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. पण ती जुन्या विलीज आणि एमएम-५४० बाळगणाऱ्या मोजक्या लोकांची होती. गाडी रुतली तर स्वतः खाली उतरून, हात काळे करून ती बाहेर काढणारी ती माणसे. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी, २०२४ मध्ये थार रॉक्स, आणि ही हौस मासिक हप्त्यावर मिळू लागली. (नवी थार दाखवली १५ ऑगस्टला, बाजारात आणली २ ऑक्टोबरला आणि रॉक्स पुन्हा १५ ऑगस्टला. तिन्ही मुहूर्त ड्राय डेचे निघावेत, हा योगायोग कंपनीच्या ध्यानात आला असेल की नाही कोण जाणे.) गाड्या वाढल्या तसे क्लब वाढले. क्लब म्हणजे बहुतेक वेळा एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक लोगो, बोनेटवर लावायचा स्टिकर आणि टी-शर्ट. नोंदणी झालेले थोडे, घटना लिहिलेले त्याहून थोडे.

स्पर्धांची गोष्ट निराळी. २०१४ पासून गोव्याच्या पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. तिथे गाडीची तपासणी असते, मार्शल असतात, वैद्यकीय पथक असते. मोटरस्पोर्टवर देशात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेची देखरेख आहे. हौशी ट्रेल मात्र ना स्पर्धा, ना प्रवासी वाहतूक, ना साधी सहल. तिला कुणी वाली नाही. म्हणूनच क्लबांनी एकत्र येऊन आपला महासंघ करावा आणि त्याने सर्वांत आधी दोन धोरणे लिहावीत, एक दारूबद्दल आणि एक सभासदांच्या खासगी माहितीबद्दल, असे आम्हाला वाटते. ही दोन्ही एकाच बैठकीत लिहायला हवीत. एक धड नसेल तर दुसरे चालत नाही. कसे, ते सांगतो.

आधी दारू. 'हा रस्ताच नाही, मग ड्रंक-ड्राइव्ह कसले?' हा ट्रेलवरचा आवडता युक्तिवाद. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये 'सार्वजनिक ठिकाणी' अशी अटच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आणि हातात स्टिअरिंग, एवढे पुरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी खरे तर कलम १८८ वाचावे. १८५ च्या गुन्ह्याला जो प्रोत्साहन देईल त्यालाही तीच शिक्षा, असे ते सांगते. रात्री ग्लास भरून देणारा आणि सकाळी 'चल, काही होत नाही' म्हणत पुढे काढणारा आयोजक त्यातून सुटेलच, याची खात्री कुठला वकील देणार नाही.

मोटरस्पोर्टची रेघ याहून कडक आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून अल्कोहोल आपल्या यादीतून काढले आणि तो विषय मोटारींसह चार खेळांच्या महासंघांवर सोपवला. तोवर मोटारशर्यतीत मर्यादा होती लिटरला ०.१० ग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम. आपल्या रस्त्यावर चालते त्याच्या एक तृतीयांश. दरीच्या कडेने, ओल्या जांभ्यावरून, एक चाक हवेत ठेवून गाडी उतरवणाऱ्याने यांतली कुठली रेघ मानावी, हे सांगायला महासंघाचीही गरज नाही.

पण खरी अडचण दुपारच्या बिअरमध्ये नाही. भर ट्रेलवर बाटली काढणाऱ्याला आता बहुतेक क्लबांत चार माणसे तरी बोलतात. अडचण आहे सकाळच्या सातच्या ब्रीफिंगमध्ये. शरीर अल्कोहोल जाळते ते १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने. कुणाचा थोडा कमी, कुणाचा थोडा जास्त, पण आसपास तेवढाच. मध्यरात्री दोनला मैफल संपली तेव्हा रक्तात १५० होते असे धरा, आणि चांगली 'बसलेली' माणसे तिथवर सहज पोचतात. सातला ७५ उरले. कायद्याच्या मर्यादेच्या अडीचपट. हा माणूस आंघोळ करून, पोहे खाऊन, दोन कप काळी कॉफी पिऊन, हसतमुखाने गाडीत बसतो. त्याला कुणी दारुडा म्हणणार नाही, तोही स्वतःला म्हणत नाही. लिंबूपाण्याने तोंडाची चव जाते, आकडा हलत नाही. 'गाडी चालवताना मद्यपान निषिद्ध' एवढे एक वाक्य फॉर्मवर छापून मोकळे होणाऱ्या क्लबांच्या नियमात हा माणूस सापडतच नाही, कारण गाडी चालवताना तो पीत नसतो.

दुसरी गोष्ट रिकव्हरीची. नियम लिहिणारे फक्त चालकाचा विचार करतात. गाडी चिखलात पोटापर्यंत बसली की मग खाली उतरतात ते बाकीचे : दोर बांधणारा, विंच चालवणारा, खुणा करणारा स्पॉटर आणि विनाकारण मोबाइल उंचावून उभे राहिलेले पाच-सहा जण. दोन टनांची गाडी ओढताना ताणलेला दोर तुटला किंवा हुक उखडला, तर तो लोखंडाचा गोळा गोळीसारखा सुटतो. जगभर रिकव्हरीत माणसे मेली आहेत ती बरीचशी अशी, आणि त्यांत बघेही असतात. ताणाखालच्या दोराच्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतर ठेवायचे, हा साधा नियम. तो पाळायला शुद्ध लागते. तेव्हा 'मी आज चालवत नाहीये, मला चालते' हे दोराजवळ जाणाऱ्या कुणालाही म्हणता येऊ नये. घ्यायचीच असेल तर गाडीत बसून राहायचे, रिकव्हरी संपेपर्यंत काच बंद.

वयाचा प्रश्न उरकून घेऊ. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षे, गोव्यात १८. पुण्याचा क्लब दोडामार्ग ओलांडून गोव्यात उतरला की तेविशीतला मुलगा एका नाक्यावर कायदेशीर होतो. महासंघाने आपला एकच आकडा ठरवावा आणि नाका विसरावा. गोव्यातही पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला २०१९ पासून दंड आहे; सुरुवातीला तो एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये होता. ही माहिती रस्त्यालगत डिकी उघडून बसणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

आता दुसरे धोरण. ट्रेलच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन्स आणि आधारची छायाप्रत, गाडीचा नंबर, विमा, रक्तगट, मधुमेह-रक्तदाब-फिट्स काही असल्यास, चालू गोळ्या, घरचा नंबर, सोबतच्या मुलांची नावे. यातले बरेचसे लागते. दरीत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्या गोळ्यांची नावे ठाऊक असणे हा जीवनमरणाचा मामला आहे. प्रश्न आहे तो फॉर्म पुढे कुठे जातो याचा. भरलेल्या फॉर्मचा फोटो ग्रुपवर टाकायचा, कुणीतरी ते सगळे एक्सेलमध्ये चढवायचे, ती यादी पुन्हा ग्रुपवर, 'सर्वांनी आपापले नाव तपासा'. चाळीस अनोळखी माणसांच्या फोनमध्ये चाळीस जणांचा पत्ता, आधार आणि आजार. पुढच्या आठवड्यात टायरवाल्याचा फोन, मग विमा एजंटचा, मग सस्पेन्शन बसवून देणाऱ्याचा. एखादी बाई एकटी गाडी घेऊन आली असेल तर रात्री साडेअकराला 'पोचलात का नीट?' असे विचारणारा, ज्याला तिने नंबर कधी दिलाच नव्हता असा कुणीतरी. बायका या क्लबांत टिकत नाहीत त्याची कारणे चिखलात शोधणारे लोक भाबडे म्हणायचे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. 'आमचा क्लब रजिस्टर्डच नाही' हे इथे उत्तर होत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येतील 'व्यक्ती'त नोंदणी नसलेला व्यक्तिसमूहही येतो. कशासाठी माहिती घेतो हे आधी सांगा, तेवढ्यासाठीच वापरा, काम संपले की पुसून टाका, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती घ्या, आणि यादी फुटली तर ज्यांची फुटली त्यांना आणि या कायद्याखालच्या मंडळाला कळवा, मंडळाला सविस्तर ७२ तासांत. सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. हा आकडा एखाद्या चिखलाळ क्लबासाठी नाही हे उघड आहे, तरी वाचून ॲडमिन सरळ बसत असेल तर वाचावा. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागण्याचा हक्क सभासदाला आहे, म्हणजे मराठीतही. सध्याचे इन्डेम्निटी फॉर्म अमेरिकन संकेतस्थळांवरून उचललेल्या इंग्रजीत असतात आणि न वाचता सही होते. उलट, जिवावर बेतले असताना डॉक्टरला रक्तगट सांगायला संमतीची वाट पाहावी लागत नाही. कायद्याने ती सूट स्पष्ट दिली आहे. खासगीपणाच्या नावाखाली कुणी मदत अडवू नये म्हणून हेही त्याच फॉर्मवर लिहावे.

दोन धोरणे एकमेकांना भिडतात ती पुढे. दारूचा नियम खरोखर पाळायचा तर सकाळी कुणाला तरी विचारावे लागणार, फुंकायला लावावे लागणार, थांबवावे लागणार. म्हणजे 'अमुक माणूस अमुक दिवशी चालवण्याच्या अवस्थेत नव्हता' ही माहिती तयार होणार. क्लबाकडे असलेल्या सगळ्या माहितीत सर्वांत जड अशी ही माहिती. ती घरी पोचली तर संसारात कटकट, कचेरीत पोचली तर नोकरीत, विमा कंपनीकडे पोचली तर दाव्यात. आणि आज ती पोचते कशी? अडखळत तंबूकडे जाणाऱ्या माणसाचा व्हिडिओ काढला जातो, त्यावर गाणे चढवले जाते आणि सकाळच्या चहाआधी तो रीलवर असतो. हसण्यावारी नेले जाते. त्याच माणसाने नऊ वाजता गाडी उलटवली की मात्र सारा ग्रुप एका सुरात सांगतो, 'तो घेतच नाही हो.' जिथे बोलायचे तिथे मिठाची गुळणी आणि जिथे गप्प बसायचे तिथे दवंडी, अशी ही रीत आहे. दारूबद्दल सैल आणि माहितीबद्दलही सैल.

म्हणून आमचे म्हणणे असे की चावी काढून घ्यायला अजिबात कचरू नये आणि त्याचा बोभाटा अजिबात करू नये. ज्याला ठाऊक आहे की आपली चावी काढली तरी गोष्ट मार्शलपाशीच राहील, तो सकाळी स्वतःहून सांगेल, 'मी आज शेजारच्या सीटवर बसतो.' ज्याला ठाऊक आहे की आपला आकडा ग्रुपवर जाईल, तो तोंडात वेलदोडा टाकून गाडी चालू करील. दारूचे धोरण टिकते ते असे खासगीपणाच्या धोरणावर.

यंत्राविषयीही थोडे बोलले पाहिजे. बाजारात हजार-दोन हजारांत मिळणारी श्वासयंत्रे भरवशाची नसतात. नुकताच माउथवॉश वापरला असेल तरी आकडा फुगतो, म्हणून पंधरा मिनिटे थांबून दुसऱ्यांदा तपासावे लागते. क्लबाने ती वापरावीत ती स्वतःला सावध करण्यापुरती, आकडे जमवण्यासाठी नव्हे. यंत्र वाजले, पुन्हा वाजले, चावी मार्शलकडे. वहीत नोंद एवढीच : 'चालक बदलला'. कारण लिहायचे नाही. चालक पायाला लचक भरली म्हणूनही बदलतो. फुंकायला नकार देणाऱ्याशी वाद घालू नये. त्याने त्या दिवशी चालवू नये, इतकेच. तोच तो माणूस पुन्हा पुन्हा सापडत असेल तर ते लक्षात ठेवणे भाग आहे. ती नोंद दोन पदाधिकाऱ्यांपाशी, तिसऱ्याला नाही, आणि हंगाम संपला की नष्ट. मार्शल स्वतः रात्री प्यायलेला नसावा हे सांगायला नको, पण सांगायला हवे, कारण बहुतेक क्लबांत मार्शल हाच मैफलीचा यजमान असतो.

अपघात झाला की हे सगळे बदलते. मग मोजणी पोलिसांची आणि सरकारी डॉक्टरांची, आणि विचारले तर खरे सांगायचे. सभासदांना कुठल्याही परिस्थितीत तोंड न उघडण्याचे वचन क्लबाने देऊ नये. तसे वचन देणे म्हणजे पुरावा दडवण्याची आगाऊ तयारी. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या गाडीच्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. लपवाछपवीला खासगीपणा म्हणता येत नाही, हे त्या प्रकरणाने पुरेसे दाखवले आहे.

ट्रेलवर ज्यांचे खासगीपण सर्वांत जास्त तुडवले जाते ते क्लबाचे सभासदच नसतात. ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका, भातलावणीत गुडघाभर पाण्यात वाकलेली माणसे, अंगणातली पोरे यांच्या डोक्यावरून ड्रोन फिरतो, गोप्रो त्यांच्या दारावरून जातो आणि 'रॉ व्हिलेज लाइफ' म्हणून ते सारे जगापुढे येते. त्यांची संमती कुठल्या फॉर्मवर? ज्या शेतकऱ्याने बांधावरून वाट दिली त्याचा नंबर ग्रुपवर पडतो आणि पुढच्या रविवारी त्याला न विचारता दुसरा क्लब हजर. जीपीएसच्या मागाचेही तेच. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या नकाशावरून लष्करी तळांचे आराखडे उघडे पडले. धावणाऱ्या जवानांनी कुणालाही काही सांगितले नव्हते, त्यांच्या घड्याळांनी सांगितले. इथे अभयारण्याच्या कडेची एखादी पायवाट एकाने माग म्हणून टाकली की महिन्याभरात तिची चाकोरी होते. ट्रेलचा माग क्लबाबाहेर जाऊ नये आणि गावाचे चित्रण गावाला विचारल्याशिवाय होऊ नये, हे दोन नियम खासगीपणाच्या धोरणात पहिल्या पानावर हवेत.

कॅनडात असे नियम बऱ्याच अंशी वाटेच्या मालकामुळे घडत गेले. क्यूबेक, ऑन्टारिओ, न्यू ब्रन्सविक या प्रांतांत चारचाकी एटीव्ही चालवणाऱ्या क्लबांचे प्रांतवार महासंघ आहेत. परवान्याच्या पैशातून ते मैलोगणती वाटा राखतात आणि त्यांतल्या कित्येक वाटा खासगी शेतांतून, रानांतून जातात. मालकाने एकदा नाही म्हटले की वाट तुटते. रिकाम्या कॅनमुळे मालक नाही म्हणतो, म्हणून दारूचे धोरण. तिथला फौजदारी कायदा एटीव्ही आणि स्नोमोबिललाही तसाच लागू आहे, खासगी जमिनीवरसुद्धा. मर्यादा मात्र ८० मिलिग्रॅम, आपल्याहून कितीतरी ढिली. त्यांच्या खासगीपणाच्या संघीय कायद्यातली एक बारीक तरतूद आपल्याकडच्या क्लबांनी डोळ्यांखालून घालावी. ना-नफा संस्थेवर तो कायदा एरवी सहसा येत नाही, पण तिने सभासदांची यादी विकली, बदल्यात दिली किंवा भाड्याने दिली की तो व्यापार ठरतो. टायर कंपनीने बॅनरचा खर्च उचलला म्हणून तिला यादी देणारे आपले ॲडमिन नेमका हाच व्यापार करतात, मित्रत्वाने.

आपल्याकडे वाटेच्या मालकाला अजून तेवढा आवाज नाही. आवाज आहे तो जिल्हाधिकाऱ्यांना. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पुण्यात पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. त्यांत मद्यपानही होते. त्याच वर्षाच्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढली तेव्हा महाराष्ट्र पोट धरून हसला. फोर-बाय-फोरवाले जरा जास्तच हसले. पण सरसकट बंदी येते तेव्हा ती फेरारी आणि थार असा भेद करीत नाही. आपण होऊन नियम करणाऱ्या महासंघाशी सरकार निदान बोलू तरी शकते. अडीचशे व्हॉट्सॲप ग्रुपांशी बोलायचे कसे?

'मग मजा काय राहिली?' हा प्रश्न येणारच. मजेचे वेळापत्रक बदलता येते. शनिवारी सकाळी ट्रेल, संध्याकाळी मुक्काम, रात्री ज्याला बसायचे त्याने बसावे, आणि रविवारी दुपारी बारापर्यंत कुठलीही गाडी हलणार नाही. मध्यरात्री एकला १५० वर असलेला माणूस बारापर्यंत शून्याशी येतो. घाट उतरून घरी जाणे हाही ट्रेलचाच भाग धरावा. हे वेळापत्रक एखाद्या क्लबाला परवडणार नाही, काही जण नाव काढून घेतील, बारा गाड्यांच्या आठ होतील. आठ गाड्यांची रांग सांभाळायला पुढे एक आणि शेवटी एक असे दोन शुद्धीतले मार्शल पुरतात. बारा गाड्यांना तीन लागतात, आणि गटारीच्या शनिवारी तेवढे जमवणे आजही कुठल्याच क्लबाला सोपे नाही.